तांबड्याच्या पलीकडचा हर्शेल

पाऊस बरा झालेला असेल, तर पोळ्याच्या सुमारास धुळ्याजवळच्या लळिंग कुरणात आणि साक्री-शिंदखेड्याच्या माळांवर गवत गुडघ्याला लागते. मारवेल, पवना, कुसळी, सगळेच हिरवे. डोळ्यांना तो हिरवा रंगच काय तो दिसतो. प्रत्यक्षात गवताच्या पात्यावर पडलेल्या हिरव्या उजेडातला साधारण दहावा हिस्साच परत उसळतो. त्याच पात्यावरून आणखी एक प्रकाश त्याच्या चौपट-पाचपट प्रमाणात उसळत असतो, पण तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. कुरणात चारा किती उभा आहे आणि तो कसा आहे, याचा अंदाज आता उपग्रहांवरून घेतला जातो, तो मुख्यतः या न दिसणाऱ्या प्रकाशाच्या जोरावर. असा प्रकाश आहे हे १८०० साली ज्याने दाखवून दिले, तो शेतीतला जाणकार नव्हता, वनस्पतींचा अभ्यासकही नव्हता. विल्यम हर्शेल हा वादक होता, आणि वयाची चाळिशी उलटेपर्यंत त्याने संगीतावरच पोट भरले.

जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात १५ नोव्हेंबर १७३८ रोजी त्याचा जन्म झाला. वडील इझाक लष्करी बँडमध्ये ओबो वाजवत. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीचे वाद्य. मुलगाही चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याच बँडमध्ये लागला. १७५७ साली फ्रेंचांशी हास्टेनबेक येथे लढाई झाली, हॅनोव्हर फ्रेंचांच्या हाती गेले, आणि एकोणीस वर्षांचा हा पोरगा इंग्लंडला निघून आला. लष्करातून रीतसर सुटका त्याला पुढे पाच वर्षांनी मिळाली. लंडनमध्ये आधी दुसऱ्यांच्या स्वरलिपी नकलून देण्याचे काम, मग उत्तर इंग्लंडमध्ये गावोगाव फिरून शिकवण्या आणि मैफली. १७६६ साली बाथ या श्रीमंतांच्या हवापालटाच्या गावी ऑक्टागन चॅपेलमध्ये ऑर्गनवादकाची जागा मिळाली, तेव्हा कुठे बस्तान बसले. या माणसाने चोवीस सिंफनी लिहिल्या. त्या आजही अधूनमधून वाजवल्या जातात, पण खगोलशास्त्रज्ञाने लिहिल्या म्हणून. एरवी त्या कुणी शोधून काढल्या असत्या की नाही, शंकाच आहे.

संगीतातूनच तो विज्ञानाकडे वळला. रॉबर्ट स्मिथ या लेखकाचे स्वरांच्या गणितावरचे पुस्तक त्याने वाचले, ते आवडले म्हणून त्याच लेखकाचे प्रकाशशास्त्रावरचे पुस्तक घेतले, आणि त्यात दुर्बिणी कशा बनवतात ते सापडले. विकत घ्यायला गेला तर किमती आवाक्याबाहेर. मग स्वतःच आरसे घासायला बसला. त्या काळी दुर्बिणीचा आरसा काचेचा नसे. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा असे, आणि तो तासन्‌तास हाताने घासून झिलईला आणावा लागे.

इथून पुढची गोष्ट एकट्या विल्यमची नाही. त्याची धाकटी बहीण कॅरोलिन हॅनोव्हरला होती. तिसऱ्या वर्षी देवी येऊन चेहऱ्यावर व्रण राहिले, दहाव्या वर्षी टायफस तापाने गाठले आणि उंची सव्वाचार फुटांवर थांबली. हिचे लग्न होणार नाही, तेव्हा ही घरकामालाच राहील, असा हिशोब आईने करून टाकला होता. १७७२ साली विल्यम जाऊन तिला इंग्लंडला घेऊन आला, पण त्यासाठी तिच्या जागी मोलकरीण ठेवायचा खर्च त्याला आईला द्यावा लागला. बाथमध्ये तिने गाणे शिकले, मैफलींत नाव मिळवले. मग भावाला दुर्बिणींचा नाद लागला आणि तिचे गाणे मागे पडले. एकदा आरशाला शेवटची झिलई देताना सोळा तास विल्यमने हात उचलला नाही. ती घास भरवत होती आणि पुस्तक वाचून दाखवत होती. मोठ्या आरशाच्या साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळून द्यायचे कामही तिच्याकडेच होते. ऑगस्ट १७८१ मध्ये घराच्या तळघरात तीन फुटी आरसा ओतताना भट्टीला चीर गेली, वितळलेला धातू फरशीवर आला, तापलेल्या फरशा उडून छतापर्यंत गेल्या आणि माणसे जीव घेऊन बाहेर पळाली. १७८३ सालच्या शेवटच्या रात्री, फूटभर बर्फ साचलेल्या अंगणात धावताना दुर्बिणीच्या सांगाड्याचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. आकडा निघाला तो मांस घेऊनच. त्यानंतर आभाळ भरून आले, निरीक्षणाचे फार काही बुडाले नाही, याचेच तिला समाधान वाटले. हर्शेलच्या चरित्रांत हे प्रसंग बहुधा गमतीदार म्हणून येतात. तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर त्यात गंमत फारशी उरत नाही.

१३ मार्च १७८१ रोजी रात्री बाथमधल्या घराच्या मागच्या बागेतून, स्वतः बनवलेल्या सात फुटी दुर्बिणीतून तारे तपासताना विल्यमला एक तारा इतरांसारखा बिंदू न दिसता बारीकशा चकतीसारखा दिसला. त्याला तो धूमकेतू वाटला. युरोपातल्या गणितज्ञांनी कक्षा काढली तेव्हा कळले की हा शनीच्या पलीकडचा ग्रह आहे. बुध ते शनी हे ग्रह माणसाला अनादिकाळापासून माहीत होते. नवा ग्रह शोधण्याचा प्रसंग इतिहासात प्रथमच आला होता. हर्शेलने राजा तिसऱ्या जॉर्जचे नाव त्याला दिले, इंग्लंडबाहेर कुणी ते घेतले नाही, आणि पुढे युरेनस हे नाव रूढ झाले. राजाने मात्र त्याला वर्षाला २०० पौंड लावून दिले. संगीताची कमाई याहून जास्त होती, तरीही त्याने ती सोडली. १७८७ पासून कॅरोलिनलाही मदतनीस म्हणून वर्षाला ५० पौंड मिळू लागले. त्या काळात वैज्ञानिक कामासाठी स्त्रीला पगार ही जवळपास न ऐकलेली गोष्ट होती. तिने स्वतंत्रपणे आठ धूमकेतू शोधले, तो भाग वेगळ्या लेखाचा.

विंडसरच्या राजवाड्याजवळ स्लाऊ गावी बिऱ्हाड गेले. तिथे १७८९ साली चाळीस फूट लांबीची, चार फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहिली. राजाचे चार हजार पौंड तिच्यात गेले. ती पाहायला पाहुण्यांची रीघ लागे. काम मात्र वीस फुटी दुर्बिणीनेच जास्त केले. मोठ्या यंत्राचा आरसा जड, लवकर काळवंडणारा, आणि हवा साथ देत नसे.

या प्रकरणातला आपल्या कामाचा भाग सुरू होतो तो हर्शेल एकसष्ट वर्षांचा असताना. तो सूर्यावरचे डाग पाहत होता. दुर्बिणीतून सूर्य उघड्या डोळ्याने पाहणे म्हणजे डोळा गमावणे, म्हणून तो रंगीत आणि काळपट काचा आळीपाळीने लावून पाही. त्यात एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली. काही काचांतून उजेड फार कमी येई, पण डोळा भाजल्यासारखा होई. दुसऱ्या काही काचांतून उजेड भरपूर, आणि उष्णता जवळजवळ नाही. असे का व्हावे? प्रत्येक रंगाचा उजेड सारखाच तापवतो असे सगळेच धरून चालले होते. कुणी मोजले नव्हते.

मोजायचे साधन अगदी साधे होते. खिडकीत एक लोलक, खाली टेबलावर पडलेला रंगांचा पट्टा, पुठ्ठ्यात एक फट, आणि गोळे काजळलेले तीन तापमापक. काळा गोळा उष्णता चांगली शोषतो. एक तापमापक रंगात ठेवायचा, उरलेले दोन बाजूला सावलीत, म्हणजे खोलीच्या हवेतला चढउतार कळावा. आज शाळेतल्या प्रयोगातही तुलनेसाठी असा जोड ठेवायला शिकवतात. १८०० साली ही सवय फार थोड्यांना होती. जांभळ्यात पारा सुमारे २ अंश फॅरेनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळपास सात. जांभळ्याकडून तांबड्याकडे उष्णता वाढत जाते, हे ठरले. इथे बहुतेक जण थांबले असते. हर्शेलच्या मनात आले की ही चढण तांबड्यापाशी एकदम संपेलच कशावरून? त्याने तापमापक तांबड्याच्या पलीकडे, जिथे टेबलावर काहीच दिसत नव्हते तिथे, सरकवला. पारा चढला. पट्टा संपतो तिथून अर्धा इंच पलीकडे तो तांबड्याच्या तोडीचा चढत होता. इंचभर, दीड इंच पलीकडेही उष्णता होती, कमी कमी होत गेलेली. दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, काही मिळाले नाही. तिथले किरण पुढच्याच वर्षी जर्मनीत रिटरने रसायनांच्या मदतीने पकडले.

त्याच वसंत ऋतूत त्याचे निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. अवरक्त हा शब्द, किंवा त्याचे इंग्रजी रूप, तेव्हा नव्हते. ते त्याच शतकाच्या उत्तरार्धातले. हर्शेलने मेणबत्ती, शेगडी, तापवलेली लोखंडी सळई, जे हाताशी लागले ते वापरून हे अदृश्य किरण आरशावरून परततात, भिंगातून वाकतात, काही पदार्थ त्यांना अडवतात, हे एकेक करून दाखवले. म्हणजे प्रकाशाचे सगळे गुण त्यांच्यात होते. तरीही वर्ष संपता संपता तो उलट निष्कर्षावर आला, की उजेडाचे किरण वेगळे आणि उष्णतेचे वेगळे. पुरावा हातात असून निष्कर्ष चुकला. उजेड आणि हे किरण एकाच जातीचे, फरक फक्त तरंगाच्या लांबीचा, हे पक्के व्हायला आणखी काही दशके गेली.

आणखी एक बारकावा इथे सांगण्यासारखा आहे. सूर्य सर्वाधिक ऊर्जा तांबड्यापलीकडे देतो असा समज हर्शेलच्या प्रयोगावरून अनेकदा करून घेतला जातो. ते खरे नाही. काचेचा लोलक जांभळा भाग ऐसपैस पसरतो आणि तांबड्याकडचा भाग दाटीवाटीने बसवतो. त्या दाटीमुळे तिथे ठेवलेल्या गोळ्यावर जास्त ऊर्जा पडते. शिवाय काच फार लांब तरंगांचे किरण आरपार जाऊ देत नाही. म्हणून हर्शेलच्या टेबलावर पोचले ते तांबड्याला लागून असलेले, जवळचे अवरक्त किरण. योगायोग असा, की गवताबद्दल सर्वांत जास्त सांगणारा पट्टा हाच.

गवताचे पाते तांबडा आणि निळा उजेड खाते. हरितद्रव्याला अन्न बनवायला तोच लागतो. जवळच्या अवरक्त किरणांतली ऊर्जा त्या कामाला पुरत नाही. ते किरण पात्याच्या आत शिरतात, पेशींच्या भिंती आणि मधल्या हवेच्या पोकळ्या यांवर आपटत राहतात, आणि निम्म्याच्या आसपास परत बाहेर पडतात. पाते जितके रसरशीत आणि पानांची दाटी जितकी जास्त, तितके तांबडे कमी उसळते आणि अवरक्त जास्त. उघड्या मुरमाड जमिनीवर दोन्हींत एवढा फरक नसतो. तेव्हा एकाच ठिकाणचे हे दोन आकडे घ्यायचे, त्यांची वजाबाकी करायची, तिला बेरजेने भागायचे. उत्तर उणे एक ते एक यांच्यामध्ये येते, आणि शून्याच्या जवळपास असेल तर जमीन उघडी, पाऊणच्या पुढे असेल तर हिरवाई दाट, असे सामान्यतः समजायचे. हा वनस्पती निर्देशांक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टेक्सासच्या संशोधकांनी प्रथम वापरला, तो पिकांसाठी नव्हे. मध्य अमेरिकेच्या पठारावरची चराऊ गवताळ राने केव्हा हिरवी होतात, केव्हा वाळतात, हे पाहण्यासाठी. त्यांनी वापरलेला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सुटला. महाराष्ट्रात तेव्हा पावसाने पाठ फिरवली होती, आणि पुढच्या काही महिन्यांत चाऱ्यावाचून जनावरे विकायची वेळ गावोगाव आली.

भारतात हा प्रकाश वापरण्याची सुरुवात त्याच्याही थोडी आधीची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक असलेले पिशरोथ राम पिशरोटी विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून अहमदाबादला गेले, आणि सत्तर सालाच्या सुमारास त्यांच्या गटाने केरळातल्या नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेऊन अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली. मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडे त्यात निरोगी झाडांपेक्षा वेगळी उमटली. हेलिकॉप्टर रशियन, कॅमेरा आणि फिल्म परदेशी, रोग मात्र आपला. त्यातून पुढे १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह गेला.

हर्शेलकडे परत यायचे, तर पिकाचा अंदाज दुरून बांधण्याचा नाद त्यालाही होता. १८०१ साली त्याने असा प्रश्न घेतला, की सूर्यावर डाग कमी असतील तर त्याची उष्णता कमी होते का. जुन्या काळचे तापमान कुणी नोंदवलेले नव्हते. मग त्याने ॲडम स्मिथच्या अर्थशास्त्रावरच्या ग्रंथातले गव्हाचे भाव काढले, आणि डाग कमी असलेल्या पाच कालखंडांत गहू महाग होता असे दाखवले. पीक मोजलेले नसेल तर पिकाच्या भावावरून पीक ओळखायचे, ही युक्ती चांगली होती. लोक हसले. एडिंबरोच्या एका नियतकालिकाने तर जाहीर टर उडवली. पुढच्या संख्याशास्त्राने त्या संबंधाला आधार दिला नाही, त्यामुळे हसणारे बरोबर ठरले असे म्हणता येईल. पण गव्हाचा भाव युद्धाने, साठेबाजीने, जकातीनेही वाढतो, हे हर्शेलच्या पद्धतीतले खरे दुखणे होते, आणि ते हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी नेमके दाखवले. सूर्याच्या तप्त आवरणाखाली थंड जमीन असून तिथे वस्ती असावी, असेही त्याचे मत होते. तापमापक घेऊन इतका काटेकोर असलेला माणूस असे मत कसे बाळगू शकला, हे कोडेच आहे.

१७८८ साली, पन्नाशीला टेकल्यावर, त्याने मेरी पिट या विधवेशी लग्न केले. घराच्या किल्ल्या कॅरोलिनकडून वहिनीकडे गेल्या आणि ती वेगळी राहू लागली. त्या दहा वर्षांच्या डायऱ्या तिने नंतर नष्ट केल्या, यावरून काय ते समजावे. १७९२ साली मुलगा जॉन झाला. २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाऊमध्ये विल्यम वारला. त्याचे वय चौऱ्याऐंशीला तीन महिने कमी होते. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी घालायला चौऱ्याऐंशी वर्षे लागतात. कॅरोलिन हॅनोव्हरला परतली आणि सत्त्याण्णव वर्षे जगून १८४८ साली गेली. १८२८ साली लंडनच्या खगोल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले. तिच्यानंतर ते दुसऱ्या स्त्रीला मिळायला दीडशेहून अधिक वर्षे गेली.

मुलगा जॉनने १८४० साली बापाचाच प्रयोग वेगळ्या तऱ्हेने केला. काजळी धरलेला कागद मद्यार्कात भिजवून अवरक्त पट्ट्यात धरला. जिथे उष्णता जास्त तिथे मद्यार्क आधी उडाला, आणि तांबड्यापलीकडचा पट्टा सलग नसून मध्ये मध्ये तुटलेला आहे हे कागदावर उमटले. नातवंडांपैकी दोघे हिंदुस्थानात आले. विल्यम बंगालमध्ये मुलकी अधिकारी होता, आणि करारनाम्यावर हाताचा ठसा घेण्याची पद्धत त्याने १८५८ साली सुरू केली. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राचा एक धागा तिथून निघतो. दुसरा, जॉन, लष्करी इंजिनिअर होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला तो वर्णपटदर्शक घेऊन पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात आला. आज ते गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पावसाळी ढगांच्या फटीतून त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत तेजस्वी रेषा पाहिल्या, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत हे दिसून आले. आजोबाने आपल्या टेबलावर उन्हाचा पट्टा मोजला होता. नातवाने दक्षिण महाराष्ट्रातल्या एका संस्थानात सूर्याच्या कडेचाच पट्टा वाचला.

आता पुन्हा चाऱ्याकडे. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह जमिनीची जी चित्रे फुकट देतात, त्यांत काही रंगपट्ट्यांचा एक ठिपका दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका बहात्तर मीटरचा होता, सव्वा एकराहून मोठा. त्यात बांध, नाला, बाभळी आणि गवत सगळे एकत्र कालवले जाई. गुंठ्यागुंठ्याने पाहता आले, की गायरानाचा कुठला कोपरा चरून उघडा पडला आहे ते वेगळे काढता येते. अवरक्ताला तांबडा रंग देऊन बनवलेल्या चित्रात रावेर-यावलच्या केळीच्या बागा लालभडक दिसतात, सातपुड्याच्या उतारांवरचे जंगल गडद लाल, आणि साक्रीकडचा माळ सप्टेंबरात फिकट लाल होऊन डिसेंबरात राखी पडतो.

पण निर्देशांक म्हणजे चारा नव्हे. आकड्याचे किलो करायचे तर कुणाला तरी विळा घेऊन कुरणात जावे लागते. एक मीटर लांबी-रुंदीची चौकट टाकायची, तिच्यातले गवत जमिनीलगत कापायचे, वजन करायचे, वाळवून पुन्हा वजन करायचे, आणि अशा पुष्कळ जागांची वजने त्याच दिवसांच्या उपग्रहाच्या आकड्यांशी जोडून पाहायची. लळिंगचे गणित वेगळे, चोपड्याच्या डोंगरउताराचे वेगळे. एका पावसाचे गणित दुसऱ्या वर्षी जसेच्या तसे चालतही नाही.

चाऱ्याचा कस ही त्याहून कठीण गोष्ट. गाय-म्हैस, शेळी-मेंढी गवत पचवते ती कोटीपोटातल्या जिवाणूंच्या जिवावर, आणि त्या जिवाणूंना नत्र लागते. वाळलेल्या चाऱ्यात प्रथिने साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली, की त्यांचे काम मंदावते; पोट भरलेले दिसते, पण जनावर खंगते, आटते, गाभण राहत नाही. कोवळ्या गवतात प्रथिने यापेक्षा पुरेशी असतात, तर पक्व, उभ्या वाळलेल्या गवतात तीन-चार टक्क्यांवर येतात, आणि न पचणारे लिग्निन वाढते. पश्चिम खानदेशातल्या तापी खिल्लार बैलांना किंवा ठेलारी मेंढपाळांच्या कळपाला जानेवारीत माळावर जे मिळते ते बहुतेक असेच असते. जोडीला कडबा नसेल, तर हंगामाच्या शेवटी बरगड्या मोजता येतात.

कसही अवरक्तात वाचता येतो, पण हर्शेलच्या तापमापकापेक्षा थोडे पुढे जाऊन. प्रथिनांतले नत्र-हायड्रोजनचे बंध, सेल्युलोज, लिग्निन, पाणी, प्रत्येक जण ठराविक लांबीचे किरण गिळतो. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या कार्ल नॉरिस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली वाळवून दळलेल्या गवतावर हे किरण टाकून प्रथिने आणि पचनीयता यांचा अंदाज बांधून दाखवला. रासायनिक तपासणीला दिवस लागतात, याला मिनिट-दोन मिनिटे. आज पशुखाद्याच्या प्रयोगशाळांत ही यंत्रे सर्रास असतात. दळलेल्या, कोरड्या नमुन्यावर चांगली चालणारी ही रीत ओल्या, उभ्या गवतावर मात्र अडखळते. पाण्याचे शोषण इतके जबर असते की प्रथिनांची बारीक खूण त्याखाली बुडते. शेकडो अरुंद पट्ट्यांत पाहणारे कॅमेरे ड्रोनवर बसवून ती खूण वेगळी काढण्याचे काम जगभर चालू आहे. तांबडे संपून अवरक्त सुरू होते त्या चढणीची नेमकी जागाही उपयोगी पडते, कारण पात्यात हरितद्रव्य भरपूर असेल तर ती चढण थोडी पुढे सरकते, आणि हरितद्रव्य नत्राच्या मागोमाग चालते.

खानदेशात दोन अडचणी वेगळ्या आहेत. पहिली, कुसळी. कोवळी असेपर्यंत ती जनावरे आवडीने खातात. फुलोरा येऊन कुसळे धरली की ती मेंढीच्या लोकरीत, कातडीत, तोंडात रुततात, जखमा होतात. वरून पाहिले तर हिरवी कुसळी आणि हिरवा पवना यांत निर्देशांकाला फरक कळत नाही, आणि मेंढपाळाच्या लेखी सगळा फरक तोच. दुसरी अडचण ढगांची. गवत वाढते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि उपग्रह दर पाच दिवसांनी डोक्यावरून गेला तरी तेव्हा त्याला बहुधा ढगच दिसतात; अवरक्तही ढगातून पार होत नाही. रडारच्या लहरी ढगांतून जातात, पण त्या हरितद्रव्य ओळखत नाहीत, फक्त आकार आणि ओल सांगतात. स्वच्छ चित्र मिळू लागते ते दसऱ्याच्या सुमारास. कापणी करून साठवायचे तर प्रथिने टिकून असण्याचा काळ तेव्हा सरत आलेला असतो, आणि माळावरची कुसळी बहुतेक ठिकाणी कुसळांवर आलेली असते.